वाटीतलं लोह, रक्तातलं लोह

१९८७ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये एक शोधनिबंध छापून आला. दक्षिण आफ्रिकेतल्या २३४ भारतीय वंशाच्या बायकांना भाताचं जेवण दिलं, त्याबरोबर कुणाला एखादं फळ, कुणाला एखाद्या फळाचा रस दिला, आणि भातातलं किती लोह त्यांच्या रक्तात पोचलं ते मोजलं. नुसत्या भातातून पोचलं शंभरातले अडीच भाग. सोबत सफरचंद दिलं तर फरक नाही. द्राक्षांचीही तीच गत. केळं, आंबा, अननस यांनी थोडीफार मदत केली. पेरू आणि पपई दिल्यावर मात्र आकडा साडेबारापासून पार एकोणतीसपर्यंत गेला.

हा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसूच आलं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत काय असतं? सफरचंदं. बाळाला पहिलं फळ काय देतात? वाफवलेलं सफरचंद. आणि पेरू? तो 'खोकला होईल' म्हणून पोरांच्या हातातून काढून घेतात. सफरचंदाशी माझं वैर नाही, पण जेवणातलं लोह अंगी लागायला हवं असेल तर ते बिचारं कामाचं नाही.

लोह कशात आहे हे माणसाला बऱ्याच आधी कळलं. ते अंगी कसं लागतं हे कळायला दोनेकशे वर्षं जास्त लागली. या मधल्या काळात जे घडलं त्यात बोलोन्याचा एक चुंबक आहे, पुण्याच्या नावाची एक वेढ्यात अडकलेली फौज आहे, लंडनच्या गरीब वस्तीतली तान्ही मुलं आहेत आणि कॉव्हेंट्रीमध्ये घरपोच आलेल्या चपात्याही आहेत.

लोहाचा भाग पटकन सांगते. १६८१ मध्ये टॉमस सिडनम या इंग्रज वैद्याने फिकट पडलेल्या, धाप लागणाऱ्या तरुण मुलींना लोखंडाचा कीस वाईनमध्ये भिजवून द्यायला सांगितलं. गुण येत होता, का येतो ते माहीत नव्हतं. १७४०च्या दशकात बोलोन्याच्या विन्चेन्झो मेंगिनीने रक्त सुकवून, जाळून त्याच्या राखेवर चुंबक फिरवला आणि राखेतले कण चुंबकाला चिकटले. रक्तात खरोखरचं लोखंड असतं हे असं डोळ्यांना दिसलं. १८३२ मध्ये फ्रान्सच्या ब्लो या डॉक्टरने लोहाच्या गोळ्या काढल्या, त्या पुढे शंभर वर्षं खपल्या.

लहान मुलांच्या बाबतीत खरी कळीची गोष्ट सांगितली ती गुस्ताफ फॉन बुंगे या रसायनतज्ज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्याने दुधाचं पृथक्करण केलं, तर त्यात लोह जवळजवळ नाहीच. मग दुधावर वाढणारी पिल्लं जगतात कशी? बुंगेचं उत्तर असं की जन्माला येतानाच ती लोहाची शिदोरी घेऊन येतात. आईच्या पोटात असताना बाळ आपल्या शरीरात लोह साठवतं आणि पहिले काही महिने त्यावर काढतं. आज आपण म्हणतो की पूर्ण दिवसांच्या बाळाला ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधातलं लोह थोडं असलं तरी त्यातलं जवळजवळ निम्मं शोषलं जातं, ही आणखी एक सोय. पण सहाव्या महिन्यानंतर शिदोरी संपत आलेली असते, बाळ भराभर वाढत असतं, पहिल्या वाढदिवसापर्यंत त्याचं वजन जन्माच्या तिप्पट व्हायचं असतं, मेंदूची बांधणी चालू असते, आणि पोट असतं वाटीएवढं. त्या वाटीत आपण घालतो भाताची पेज, खिमट, नाचणीचं सत्त्व, दूध-बिस्किट. पुढचं सगळं या वाटीबद्दल आहे.

आता क जीवनसत्त्वाचा धागा. त्याची नेहमीची गोष्ट तुम्हाला शाळेपासून पाठ असेल: ब्रिटिश आरमारातला जेम्स लिंड, १७४७ साल, स्कर्व्हीने हिरड्या सडलेले बारा खलाशी, त्यातल्या दोघांना संत्री-लिंबं. ती सोडून देते, कारण मला जास्त जवळची गोष्ट टायग्रिस नदीच्या एका वळणावरची आहे.

डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातल्या (म्हणजे आजच्या इराकमधल्या) कूत या गावात जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. या फौजेचं नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. शिधा संपत गेला तसे घोडे कापले जाऊ लागले. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. बहुतेक हिंदी सैनिकांनी ते शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारलं आणि ते जव-कणकेवर राहिले. मग एकाच छावणीत दोन वेगळे रोग पसरले. पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. हिंदी सैनिकांना झाली स्कर्व्ही: हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा उघडणं, पांढरेफटक चेहरे. कोण काय खातो त्यावर कोणाला काय होतं हे ठरलं होतं. असा प्रयोग कुणी मुद्दाम केला असता तर त्याला तुरुंगात टाकलं असतं.

मेसोपोटेमियात आजारी पडणाऱ्या सैन्याचा प्रश्न लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक या बाईंपर्यंत पोचला. पुरुष युद्धावर गेलेले, प्रयोगशाळेत बऱ्याचशा बायका. चिक आणि त्यांची सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी १९१७ मध्ये एक निबंध लिहिला, त्याचा विषयच होता की सैन्याच्या शिध्यात बसतील अशा कोणत्या पदार्थांनी बेरीबेरी आणि स्कर्व्ही टळेल. लिंबाचा रस वाळवंटात टिकत नाही, ताजी भाजी मिळत नाही. चिक यांनी सुचवलेला उपाय वाचून तुम्हाला आपल्या स्वयंपाकघरातला ओला पंचा आठवेल. अख्खं कडधान्य भिजवा, ओलसर फडक्यात ठेवा, मोड येऊ द्या आणि थोडंच शिजवा. कोरड्या कडधान्यात नसलेला स्कर्व्हीविरोधी घटक मोड आल्यावर तयार होतो, हे चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी १९१९ मध्ये गिनीपिगांवर मोजून दाखवलं. फक्त डाळ चालत नाही, कारण फुटलेल्या डाळीला मोड येत नाहीत. आणि फौजेच्या शिध्यात असायची ती डाळच.

मराठी घरातून गेलेल्या त्या शिपायांना मटकीला मोड कसे आणायचे हे कुणी शिकवायला नको होतं. पण घरी उसळ करणं वेगळं आणि वेढ्यात अख्खी मटकी मिळणं वेगळं. हा फरक पुढेही लागणार आहे.

युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, चिक व्हिएन्नाला गेल्या. हरलेल्या, उपाशी शहरातली मुलं मुडदुसाने वाकडी होत होती, स्कर्व्हीही होत होती. तिथल्या बालरुग्णालयात त्यांच्या तुकडीने काही वर्षं काम केलं. मुडदूस कॉडलिव्हर तेलाने आणि सूर्यप्रकाशानेही बरा होतो हे तिथे पक्कं झालं. या तुकडीत हेलन मॅके नावाची तरुण डॉक्टर होती. बालपण ब्रह्मदेशात गेलेली, लंडनमध्ये शिकलेली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीची नायिका ती आहे, आणि तिचं नाव जवळपास कुणाला माहीत नाही.

मॅके लंडनला परतली आणि पूर्व लंडनच्या हॅकनी रोडवरच्या मुलांच्या रुग्णालयात काम करू लागली. भोवती गोदी कामगारांची, शिंप्यांची गरीब वस्ती. तिथल्या बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांचं रक्त ती महिनोन्‌महिने तपासत राहिली. तोवर डॉक्टरांचा समज असा की पहिल्या वर्षात हिमोग्लोबिन उतरतं ते नैसर्गिकच आहे. मॅकेने अर्ध्या बाळांना लोह दिलं, लोह मिसळलेली दूधभुकटी दिली. त्यांचं हिमोग्लोबिन उतरलं नाही. म्हणजे 'नैसर्गिक' वाटत होतं ते खरं तर गरिबीतलं नेहमीचं होतं. लोह मिळालेल्या बाळांना सर्दी-खोकला आणि जुलाबही कमी झालेले तिला दिसले. तिचा मोठा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तीन वर्षांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची ती पहिली स्त्री फेलो झाली.

स्कर्व्हीचं काम व्हिएन्नात, लोहाचं काम हॅकनी रोडवर. दोन्ही धागे एकाच डॉक्टरच्या हातातून गेले, तरी त्यांची गाठ बसायला अजून वीस वर्षं जायची होती. याचं कारण साधं आहे: मोजायला साधन नव्हतं. बाळाने खाल्लेलं लोह आणि शीमधून बाहेर पडलेलं लोह मोजून वजाबाकी करता येते, पण लोह मुळात इतकं कमी शोषलं जातं की त्या वजाबाकीत चूकच जास्त असते. आणि त्या वेळी क जीवनसत्त्व हा पदार्थच कुणाच्या हातात नव्हता. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जीने तो वेगळा केला, त्याची ओळख पटली १९३२च्या सुमारास, आणि मग सेगेद गावच्या लाल मिरचीतून त्याने तो किलोंच्या हिशेबात काढला. (ही ढोबळी मिरचीच्या कुळातली. हिरवी मिरचीसुद्धा या जीवनसत्त्वाने भरलेली असते, पण बाळाला काय उपयोग!)

मग दुसरं महायुद्ध आलं. ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी माणसांना आठवडेच्या आठवडे पांढऱ्या पावावर आणि मग कोंडा असलेल्या तपकिरी पावावर ठेवलं. तपकिरी पावात लोह जास्त होतं. त्यातून शरीराला मिळालं कमी. कोंड्यातला फायटेट नावाचा पदार्थ लोहाला पकडून ठेवतो आणि सोडत नाही. याच जोडीने आधी, १९३७ मध्ये, आणखी एक गोष्ट दाखवली होती: जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची वाट शरीराकडे जवळपास नाहीच. सगळा कारभार दारावर चालतो, किती आत घ्यायचं एवढंच ठरतं.

दारावर नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण लिंबाची सगळी जादू तिथेच आहे. धान्य, डाळी, भाज्या यांतलं लोह बहुतेक 'फेरिक' रूपात असतं. पोटातल्या आम्लात ते विरघळतं. पण पोटातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला आलं की आम्लता उतरते आणि हे लोह गंजासारखं घट्ट बसायला लागतं, किंवा फायटेट, चहातलं टॅनिन वगैरे त्याला धरतात. आतड्याच्या अस्तरातलं दार उघडतं ते फक्त 'फेरस' लोहासाठी. क जीवनसत्त्व दोन कामं करतं. फेरिकचं फेरस करतं, आणि पोटातच लोहाला हलका हात देऊन पुढे विरघळलेलं ठेवतं. हात असा की दारापाशी आल्यावर सोडता येतो. फायटेटसारखा मगरमिठीचा नाही. म्हणूनच दोघं एकाच वेळी पोटात असावी लागतात. सकाळी संत्रं आणि दुपारी वरणभात, यात त्यांची भेटच होत नाही. आणि जीवनसत्त्व उष्णतेने मोडतं, त्यामुळे लिंबू पिळायचं ते ताटात, भांडं चुलीवर असताना नाही. मांस-मासळीतलं लोह वेगळ्या दाराने जातं आणि शिवाय शेजारच्या भाताडाळीतल्या लोहालाही मदत करतं. सुकट-भात खाणाऱ्या कोळीवाड्यातल्या मुलाची गोष्ट म्हणून थोडी वेगळी असते.

हे सगळं मोजता आलं ते अणुयुगामुळे. कॅलिफोर्नियात लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनमध्ये किरणोत्सारी लोह बनलं आणि १९३९ पर्यंत कुत्र्यांच्या रक्तात त्याचा माग काढून झाला. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या कार्ल मूर आणि रुबीनिया ड्युबाक यांनी अन्नच किरणोत्सारी केलं. कोंबड्यांना हे लोह टोचून त्यांची अंडी घेतली, पालेभाजी त्यावर वाढवली, आणि ते अन्न माणसांना दिलं. सोबत क जीवनसत्त्व किंवा संत्र्याचा रस दिला की रक्तात जाणारं लोह वाढतं, हे आता आकड्यात दिसलं. १९५८ मध्ये तान्ह्या आणि लहान मुलांवरच्या अशा मोजमापांचा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

इथे मी वाचताना अडखळले. तुम्हीही अडखळलात ना?

१९६९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात २१ दक्षिण आशियाई बायकांच्या घरी चपात्या पोचत्या होत्या. त्यांत किरणोत्सारी लोह होतं. या बायका किरकोळ तक्रारी घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्यांच्यात रक्तक्षय जास्त का, हे संशोधकांना शोधायचं होतं. पुढे त्यांना हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात नेऊन त्यांच्या शरीरातली किरणोत्सारिता मोजली. बऱ्याच जणींना इंग्रजी येत नव्हतं. १९९५ मध्ये एका टीव्ही माहितीपटाने हे बाहेर आणलं, आणि २०२३ मध्येसुद्धा ब्रिटनच्या खासदार चौकशीची मागणी करत होत्या. आपल्या चपातीतलं लोह का शोषलं जात नाही याचं ज्ञान असंही जमा झालं आहे.

पेरूच्या तक्त्यातल्या त्या २३४ जणी याच काळातल्या. दक्षिण आफ्रिकेत १८६० पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून नेलेल्या माणसांच्या या नाती-पणत्या. वर्णभेदी कायद्यांनी भारतीयांना शहराबाहेरच्या वेगळ्या वसाहतींत हलवलं होतं. त्यांच्यात लोहाची कमतरता खूप, जेवण भात-भाजी-डाळीचं, म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिथल्या संशोधकांनी त्यांच्यावर एकामागून एक अभ्यास केले. चहा जेवणासोबत घेतला की लोह अडतं, हे १९७५ मध्ये तिथूनच आलं. पालक, मसूर, वांगं यांतलं लोह फारसं मिळत नाही, उलट फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, भोपळा यांतलं बरं मिळतं, हे १९८३ मध्ये. निबंधात त्यांची नावं नाहीत, बाळंतपणं झाल्याचा उल्लेख आहे. मी हे ज्ञान फेकून द्या म्हणत नाही. माझ्या भाचीच्या ताटात ते रोज वापरलं जातं. पण 'आहारशास्त्र सांगतं' असं वाक्य ऐकलं की मला त्या वाक्यामागे रांगेत बसलेल्या बायका दिसतात.

भाचीचा विषय निघालाच आहे तर सांगते. चौदा महिन्यांची असताना तिचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. घरात लगेच चौकशी समिती बसली. आईने बाळंतपणात नीट खाल्लं नाही, आईचं दूध पातळ, आईला स्वयंपाकाचा कंटाळा. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, म्हणून वरणभातावर लिंबू' असा संदेशही टाकला. बहीण रडली आणि मी वाचायला बसले.

वाचताना मला हवी होती ती गोष्ट बडोद्यात सापडली. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातल्या सुभद्रा शेषाद्री यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तक्षय असलेली, अजून शाळेचं वय न झालेली लहान मुलं. आहार शाकाहारी, तोच नेहमीचा. त्यांना लोहाचं औषध दिलं नाही. फक्त दोन जेवणांसोबत प्रत्येकी १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, साठ दिवस. हिमोग्लोबिन वाढलं, तांबड्या पेशींचं रूप सुधारलं. लोह त्यांच्या ताटात आधीपासून होतं, ते आत जात नव्हतं एवढंच. किरणोत्सार नाही, चुंबक नाही. रोजच्या जेवणाबरोबर एक गोळी आणि दोन महिन्यांचं धीराचं काम. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

पण आकडा पाहा: १०० मिलिग्रॅम. एका कागदी लिंबाच्या रसात पाच-सात मिलिग्रॅम असतं. म्हणजे बडोद्याच्या एका जेवणाची बरोबरी करायला पंधरा-वीस लिंबं पिळावी लागतील. वरणभातावरच्या चार थेंबांनी काहीच होत नाही असं नाही. लिंबातलं सायट्रिक आम्लही मदत करतं, हे त्या पेरूवाल्या अभ्यासातच दिसलं होतं. तरी चार थेंब ते चार थेंब. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व असंही नाही. चिंचेत ते नाममात्र असतं, आणि पेरू गोड असून त्याच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं. अर्ध्या पेरूत बडोद्याची गोळी भरते.

शिवाय पुढच्या काळातले अभ्यास वाचले की उत्साह आणखी खाली येतो. १९८४ मध्ये अमेरिकेत जेम्स कुक यांच्या गटाने माणसांना रोज दोन ग्रॅम क जीवनसत्त्व महिनोन्‌महिने दिलं. शरीरातला लोहाचा साठा वाढला नाही. पण ते चांगलंचुंगलं खाणारे लोक होते. दुसरा अभ्यास जास्त बोचतो. मेक्सिकोच्या खेड्यातल्या लोह कमी असलेल्या बायकांना आठ महिने जेवणासोबत लिंबाचं सरबत दिलं, प्रत्येक वेळी २५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असलेलं. २००३ मध्ये निकाल आला: लोहाची स्थिती सुधारली नाही. एका जेवणात मोजलं तर कितीतरी पट फरक, आणि आठ महिन्यांनी काहीच नाही, असं कसं? मला पटतं ते उत्तर असं की जेवण मका आणि घेवड्याचं, फायटेटने भरलेलं, आणि मुळात घागरीत पाणीच थोडं असेल तर नळ मोठा करून किती मिळणार.

म्हणून भाचीला डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं तेव्हा आम्ही ते मुकाट्याने दिलं. लिंबू त्याची जागा घेत नाही. हिमोग्लोबिन एवढं उतरलं असेल तर औषधच लागतं, आणि कधी कारण लोह नसतंच: जंत असतात, थॅलेसेमिया असतो, आपल्या नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल असतो. ते तपासून घ्यावं लागतं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के रक्तक्षयी निघाली. महाराष्ट्रात जवळपास ६९, त्याआधीच्या पाहणीत ५४ होती. बोटाच्या थेंबावरून केलेली ही मोजणी जास्त आकडा दाखवते असा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. २०१६-१८ मध्ये शिरेतून रक्त घेऊन केलेल्या दुसऱ्या पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांत हाच आकडा सुमारे ४१ निघाला. घ्या, ४१ घ्या. पाचातली दोन मुलं. यांच्या घरी लिंबू नाही, असं कुणी म्हणेल का? पूर्वजांनी लिंबू पिळलं हे खरं, आणि त्याच घरात दीड वर्षाच्या पोराला बशीत चहा ओतून खारी बुडवून दिली जाते हेही खरं. दुधावरच ठेवलेली मुलंही दिसतात, दिवसाला चार-चार बाटल्या. दुधात लोह नाही हे बुंगेने सांगून सव्वाशे वर्षं झाली.

मॅकेने दूधभुकटीत लोह घातलं होतं, ते पुढे नेलं चिली देशाने. तिथे सरकार लहान मुलांना दूधभुकटी वाटत असे. सांतियागोच्या संशोधकांनी त्यात नुसतं लोह घातलं तर शोषण बेताचंच होतं; क जीवनसत्त्व जोडल्यावर ते ठळकपणे वाढलं आणि मुलांमधला रक्तक्षय खूप कमी झाला. १९९९ पासून तिथल्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या भुकटीत लोह आणि क जीवनसत्त्व दोन्ही आहेत. कुठल्याही आईला 'तू लिंबू का पिळलं नाहीस' हे विचारावं लागत नाही. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा एक मिली सिरप देण्याचा कार्यक्रम आहे, आणि राज्याच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाडीत मुलांना अंडं किंवा केळी मिळतात. केळं का, तर ते वर्षभर मिळतं, धुवावं लागत नाही, सोलून हातात देता येतं. पेरू हंगामी, लवकर मऊ पडतो, आणि बिया. अंगणवाडी ताईंची बाजू मला समजते.

घरी मात्र बिया काढता येतात. पिकलेल्या पेरूच्या फोडी चमच्याने कुस्करायच्या, थोडं पाणी घालून गाळणीवर घासायच्या, खाली गर येतो आणि वर बिया राहतात. शिजवायचा नाही. भाचीला तो खिमटाबरोबरच दिला जायचा, एक घास खिमटाचा, एक पेरूचा. पहिले चार दिवस तिने थुंकला. पाचव्या दिवशी वाटी ओढून घेतली. पेरूचा हंगाम संपल्यावर पपई आली, तिला बियांचा त्रासच नाही.